सहा शनिवार आणि शब्दांचा एक डबा : शिक्षकांच्या समुपदेशन प्रशिक्षणाविषयी

हडपसर परिसरातील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत मी सातवी आणि आठवीला मराठी शिकवते. गेल्या जुलै-ऑगस्टमध्ये डेक्कन परिसरातील एका स्वयंसेवी संस्थेने शिक्षकांसाठी घेतलेला समुपदेशन कौशल्यांचा वर्ग मी पूर्ण केला आणि तिथे मिळालेले साहित्य त्यानंतर जवळजवळ आठ महिने माझ्या वर्गात वापरले. वर्ग संपल्याबरोबर लिहायला बसले असते, तर नुसते कौतुकच लिहिले गेले असते. असे साहित्य खरे कळते ते शाळेत, पन्नासेक मुलांच्या गलक्यात, चाचणी परीक्षेच्या आठवड्यात. म्हणून एवढे दिवस थांबले.

आधी व्यवहाराच्या गोष्टी सांगते. वर्ग सहा शनिवारांचा असून वेळ दुपारी दोन ते सहा अशी आहे. बहुतेक शाळा शनिवारी सकाळच्या असतात, हे लक्षात घेऊनच ही वेळ ठरवलेली दिसते. शुल्क ४,५०० रुपये आहे आणि त्यात साहित्याचा डबा मिळतो. आमच्या तुकडीत २२ जण होते. त्यांत महापालिकेच्या शाळांमधले शिक्षक होते, खाजगी शाळांमधले होते आणि मुळशीकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजीही होते, जे दर शनिवारी शाळा सुटल्यावर दुचाकीवरून थेट वर्गाला येत. प्रशिक्षक दोघी होत्या. एक मानसशास्त्र शिकलेल्या समुपदेशक आणि दुसऱ्या तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाई. ही जोडी विचारपूर्वक केलेली आहे, कारण पहिलीच्या बोलण्यात जेव्हा पुस्तक डोकावू लागे, तेव्हा दुसरी शांतपणे म्हणे, "हे वर्गात कसं दिसेल ते बोलू या."

या वर्गातून समुपदेशक तयार होत नाहीत आणि हे पहिल्याच तासाला कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले जाते. शिक्षक हा मुलाचे सर्वांत आधी ऐकणारा माणूस असू शकतो. त्याने नीट ऐकावे, आपल्या आवाक्याबाहेरचे काय आहे ते ओळखावे आणि तिथून मुलाला योग्य माणसापर्यंत पोचवावे, एवढीच अपेक्षा इथे ठेवलेली आहे. मला ही मर्यादा फार प्रामाणिक वाटली. दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर मुलांच्या मनावर उपचार करायला निघालेले शिक्षक मी पाहिले आहेत, आणि त्यातून मुलांना झालेला त्रासही पाहिला आहे.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी मी असेच प्रशिक्षण घेतले होते. तिथे मिळालेल्या कृतिपत्रिका दुसऱ्या भाषेतून मराठीत आणलेल्या होत्या. एका पानावर सहा चेहरे होते आणि त्यांखाली आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला, आश्चर्यचकित आणि शांत असे शब्द छापले होते. दुसऱ्या पानावर बर्फाच्या माणसाचे चित्र होते आणि आपला राग बर्फासारखा कसा वितळवाल, असा प्रश्न होता. माझ्या वर्गातल्या मुलांनी बर्फ पाहिला आहे तो उसाच्या रसाच्या गुऱ्हाळावर. त्यांनी आज्ञाधारकपणे चेहऱ्यांवर खुणा केल्या, बहुतेकांनी "आनंदी" निवडले आणि कागद परत दिले. त्या कागदांवरून मला एकाही मुलाविषयी काहीही कळले नाही. दोष मुलांमध्ये आहे किंवा माझ्यामध्ये आहे, असेच मी तेव्हा समजत होते.

या वेळच्या डब्यातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे साठ पत्ते. त्यांतल्या पन्नास पत्त्यांवर मनाच्या एकेका अवस्थेचा शब्द आहे आणि हे सगळे शब्द घराघरात बोलले जाणारे आहेत : धाकधूक, हुरहुर, रुखरुख, चुटपुट, घालमेल, घुसमट, धास्ती, हिरमोड, वैताग, कसंतरी, पोटात गोळा, जीव टांगणीला. दुसऱ्या शनिवारचे पूर्ण दोन तास आम्ही या शब्दांवर घालवले. रुखरुख आणि चुटपुट यांत फरक काय, असा प्रश्न समोर ठेवला गेला. पंधरा मिनिटे चर्चा झाली आणि कोणी तरी म्हणाले की, आपल्या हातून एखादी बारीकशी गोष्ट राहून गेली की लागते ती चुटपुट आणि तीच गोष्ट पुढे कितीतरी दिवस आतून टोचत राहिली की ती रुखरुख. मी वीस वर्षे मराठी शिकवत आहे, समानार्थी शब्दांच्या याद्या फळ्यावर लिहीत आहे. पण हे शब्द समानार्थी नाहीत आणि त्यांच्यामधल्या अंतरात मुलांचे आयुष्य आहे, हे मला त्या दुपारी प्रथमच इतके स्पष्ट दिसले.

वर्गात हे पत्ते वापरायची पद्धत सोपी आहे. पत्ते बाकावर पसरायचे, मुलाने कोणतेही दोन उचलायचे आणि बोलायचे असेल तरच बोलायचे. माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. (मुलांची ओळख पटू नये म्हणून इथे मी तपशील बदलले आहेत.) तो नांदेडकडून आई-वडिलांबरोबर आलेला होता, वडील बांधकामावर होते. पहिल्या दोन महिन्यांत तो हजेरीच्या वेळी "हजर" म्हणण्यापलीकडे काही बोलला नव्हता. शिक्षक-खोलीत त्याच्याविषयी "मंद आहे" असे म्हटले जात होते आणि मीही ते कधी खोडून काढले नव्हते. त्याने पत्ता उचलला तो "करमत नाही" हा. माझ्या हातात तो पत्ता देऊन तो म्हणाला, "बाई, मला इथं करमतच नाही. गावाकडं आजी एकटीच हाय." त्यानंतर दहा मिनिटे तो आजीविषयी, तिच्या शेळीविषयी आणि फोन लागत नाही त्या दिवसांविषयी बोलत होता. "तू दुःखी आहेस का?" असे मी त्याला विचारले असते तर त्याने मान हलवून "नाही" म्हटले असते आणि ते खोटेही नव्हते, कारण त्याला जे होत होते त्याचे नाव दुःख नव्हते. करमत नसणे ही वेगळीच गोष्ट आहे. ती कळली की उपायही वेगळा सुचतो. त्याला धीर देण्याऐवजी मी त्याच्या शेजारी जालन्याकडून आलेला एक मुलगा बसवला आणि दोघांना पाठातल्या शब्दांना त्यांच्या गावाकडे काय म्हणतात ते लिहून आणायला सांगितले.

साठ पत्त्यांपैकी दहा कोरे आहेत, हे मुद्दाम नोंदवते. आमच्या भागात रामटेकडी आणि वैदूवाडीची मुले येतात, कोणाच्या घरी वैदूंची बोली असते, कोणाच्या घरी लमाणी, कोणाच्या घरी कानडी किंवा दखनी. ही मुले आपापला शब्द सांगतात आणि तो त्यांच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहायचा, अशी सूचना आहे. माझे दहाही पत्ते सप्टेंबरपर्यंत संपले आणि मी पुठ्ठे कापून आणखी केले. एका मुलीने सांगितलेला शब्द लिहिताना मी तीनदा चुकले आणि तिने तीनदा दुरुस्त केले. ज्या मुलीची शुद्धलेखनाची वही मी वर्षभर लाल करत आले होते, ती त्या दिवशी मला शिकवत होती आणि पुढच्या आठवड्यापासून ती पहिल्या बाकावर येऊन बसू लागली.

ऐकण्याचा सराव हा वर्गाचा दुसरा मोठा भाग आहे. तिघांच्या गटात एक बोलतो, एक ऐकतो आणि एक केवळ पाहतो. पाहणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या तोंडून निघालेले उपदेश मोजायचे असतात. पहिल्या पाच मिनिटांत माझ्याकडून नऊ उपदेश झाले होते. "अगं, त्यात काय एवढं", "आमच्या वेळी तर", "होईल सगळं ठीक" ही वाक्ये आपण किती सहज बोलतो आणि त्यामुळे समोरच्याचे बोलणे कसे थांबते, हे कागदावर मोजून दाखवल्याशिवाय पटत नाही. "का केलंस?" या प्रश्नात मुलाला जाब ऐकू येतो, "काय झालं होतं?" मध्ये येत नाही, हा फरकही तिथे पक्का झाला. मला सर्वांत भावली ती हुंकाराची गोष्ट. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी सांगितलेली समानुभूती आणि विनाअट स्वीकार या संकल्पना समजावताना निवृत्त बाईंनी विचारले, "आजी गोष्ट सांगताना आपण काय करायचो?" गोष्ट ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये "हं" म्हणायचे असते, हुंकार थांबला की आजी समजायची, पोर झोपले, आणि गोष्ट थांबायची. ऐकत असल्याची खूण देत राहणे, मध्ये न बोलणे आणि गोष्ट सांगणाऱ्याच्या गतीने जाऊ देणे, हे सगळे आपल्याला लहानपणीच येत होते. मुळशीचे गुरुजी त्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "येत होतं. बीएडला विसरलो."

चौथ्या शनिवारी दोन म्हणी समोरासमोर ठेवल्या गेल्या. एक, "झाकली मूठ सव्वा लाखाची". दुसरी, "तोंड दाबून बुक्क्यांचा मार". घरातले बाहेर सांगायचे नाही ही शिकवण मुलांना आपल्याच भाषेतून मिळते आणि न सांगितल्याने काय होते, याचे वर्णनही आपल्याच भाषेत आहे. मुलाला पहिल्या म्हणीतून दुसरीकडे नेणे किती अवघड आहे, याची जाणीव ठेवूनच त्या दिवशी कायद्याचा भाग शिकवला गेला आणि त्यासाठी मी प्रशिक्षकांना पूर्ण गुण देईन. "मी कुणालाही सांगणार नाही" असे वचन शिक्षकाने मुलाला कधीही देऊ नये, हे तिथे बजावून सांगितले जाते. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्यानुसार, म्हणजे पॉक्सोनुसार, असा गुन्हा घडल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शाळेची बदनामी होईल म्हणून प्रकरण आपापसांत मिटवणे हा पर्याय कायद्याने ठेवलेलाच नाही. मुलाला काय सांगायचे, याचे वाक्यही आमच्याकडून पाठ करून घेतले : "तू सांगशील ते मी जपून ठेवीन, पण तुला कुणी इजा करत असेल, तर तुला वाचवण्यासाठी मला एक-दोन मोठ्या माणसांना सांगावं लागेल आणि आधी मी तुला सांगून मगच त्यांना सांगेन." डब्याच्या झाकणाच्या आत १०९८ हा बालकांच्या मदतवाहिनीचा आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत चिकटवलेला आहे. घाईच्या वेळी तो शोधावा लागत नाही.

विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे सत्र कोरडे होईल, अशी मला भीती होती. आपलेच हट्टी, अवाजवी विचार तपासून बदलायला शिकवणारी, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली ही पद्धत महाराष्ट्रातील समुपदेशकांमध्ये बरीच रुजलेली आहे. पण शिक्षकांपुढे ती बहुधा व्याख्या आणि आकृत्यांच्या रूपात येते. इथे मात्र सगळा भर मराठीतल्या एका अक्षरावर होता. "मला नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत", "सगळ्यांनी माझं ऐकलंच पाहिजे", "मी चुकताच कामा नये" या वाक्यांमधला "च" काढून ती पुन्हा म्हणायची, एवढीच कृती. इच्छा तशीच राहते, हट्ट तेवढा गळतो. दहावीच्या वर्गशिक्षिका असलेल्या माझ्या मैत्रिणीला मी हे शिकवले आणि तिने सराव परीक्षेच्या आधी फळ्यावर मुलांचीच वाक्ये लिहून मुलांकडूनच तो "च" पुसून घेतला. व्याकरणाच्या तासाला ज्याला मी शब्दयोगी म्हणावे की क्रियाविशेषण, याच काथ्याकुटात अडकत होते, त्या अक्षरात इतके ओझे भरलेले असते, हे मला एरवी कळले नसते.

जात्यावरच्या ओव्यांचे सत्र पुण्याला विशेष जवळचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्राच्या गावागावांतील बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेले मूल, हे सगळे बायका पहाटे जात्याला सांगत होत्या, कारण ऐकणारे दुसरे कोणी नव्हते. या सत्रानंतर मी आठवीच्या मुलांना ओवीच्या चालीत, नाव न घालता, कोणत्याही वस्तूला उद्देशून चार ओळी लिहायला सांगितल्या. कुणी पंख्याला लिहिले, कुणी बसथांब्याला, कुणी आईच्या शिवणयंत्राला. दोन चिठ्ठ्या वाचून मला त्याच दिवशी मुख्याध्यापिकांकडे जावे लागले आणि त्यांतल्या एका मुलीला योग्य ती मदत वेळेवर मिळाली. याहून अधिक त्याविषयी लिहिणे बरोबर होणार नाही.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्यांविषयी. डब्यात २० चित्रकथा आहेत आणि त्यांपैकी बहुतेकींमध्ये घर म्हणजे अंगण, तुळशीवृंदावन, सोप्यात बसलेले आजोबा आणि दारात रांगोळी. सण म्हणजे गणपती आणि दिवाळी. भीमजयंतीच्या मिरवणुकीची तयारी करणारे घर, ईदच्या आदल्या रात्री जागे असलेले घर, नाताळाचे घर, पालावरचे घर, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपतात ते घर यांपैकी एकही त्या चित्रांत नाही. पत्ते करताना ज्यांनी कोऱ्या जागा ठेवल्या, त्यांनी चित्रे करताना संस्कृती म्हणजे पेठेतला जुना वाडा असे गृहीत धरावे, याचे मला मनापासून वाईट वाटले. १८४८ साली भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, ती ज्यांना शाळेची दारे बंद होती त्यांच्यासाठी. त्याच शहरात तयार झालेल्या साहित्यात माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना आपले घर सापडू नये, ही उणीव लहान नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांचे उदाहरण याच वर्गात आम्हाला सांगितले होते. १९४५ मध्ये बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू करताना त्यांनी महागड्या आयत्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे हाताशी घेतले आणि बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तो धडा चित्रकथांना लावला गेलेला नाही. मी हे लेखी कळवले, तेव्हा पुढच्या छपाईत बदल करू असे उत्तर आले. माझ्या वर्गाने मात्र वाट न पाहता स्वतःच्या घरांच्या आठ चित्रकथा काढल्या आहेत आणि मी आता त्याच वापरते.

दुसरी उणीव पाठपुराव्याची. सहा शनिवारांनंतर व्हॉट्सॲपवरचा एक गट आणि तीन महिन्यांनी झालेली एकच बैठक, एवढ्यावर ते संपते. खरे प्रश्न त्यानंतर उभे राहतात. मुले बोलू लागली की शिक्षकावर ते ओझे येऊन पडते, आणि ते रात्री घरी येते. ऑक्टोबरमध्ये मला आठवडाभर नीट झोप लागली नव्हती. समुपदेशकांना स्वतःच्या कामाविषयी बोलायला अनुभवी मार्गदर्शक असतो, तसा शिक्षकांनाही महिन्यातून एकदा मिळायला हवा. त्यासाठी वेगळे शुल्क लागले तरी चालेल, हे मी संस्थेला सांगितले आहे. शिक्षकांच्या स्वतःच्या थकव्यासाठी सहा शनिवारांत मिळून फक्त पाऊण तास ठेवलेला होता आणि तोही श्वासाच्या व्यायामात गेला.

शाळेची प्रत्यक्ष परिस्थितीही आराखड्यात कमी पडते. शिक्षण हक्क कायदा उच्च प्राथमिक स्तरावर एका शिक्षकामागे ३५ मुले सांगतो. माझ्या वर्गात ५४ आहेत. पुस्तिकेत "मुलाशी शांत, स्वतंत्र खोलीत बोलावे" असे लिहिले आहे. आमच्याकडे तशी खोली नाही. मी ग्रंथालयाच्या बाहेरच्या जिन्याखाली दोन बाक मांडून घेतले आहेत, जिथे बाहेरून दिसते पण ऐकू येत नाही, आणि अशा जागेची शिफारस पुस्तिकेतच असायला हवी होती.

बारीकसारीक तक्रारी म्हणजे पत्त्यांवरील अक्षर मागच्या बाकावरून वाचता येत नाही आणि डब्याचा कागदी खोका पहिल्याच पावसात मऊ पडला. मी सगळे साहित्य स्टीलच्या डब्यात काढले आहे. प्रमाणपत्राच्या आशेने येणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की वरिष्ठ वेतनश्रेणी किंवा निवडश्रेणी (सेवेच्या ठरावीक वर्षांनंतर शिक्षकांना मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेण्या) यांसाठीच्या प्रशिक्षणाशी या वर्गाचा काही संबंध नाही. नव्या शैक्षणिक धोरणातील वर्षाला ५० तासांच्या प्रशिक्षणात हे तास धरले जातील की नाही, ते आपल्या मुख्याध्यापकांना आधी विचारून घ्यावे.

पाचवी ते आठवीला शिकवणाऱ्यांना हा वर्ग सर्वाधिक उपयोगी पडेल, असे माझे मत आहे. पहिली-दुसरीसाठी पत्त्यांचा उपयोग कमी होतो, कारण त्या वयाची मुले शब्द उचलत नाहीत, मांडीवर येऊन बसतात. एका शाळेतून दोन शिक्षकांनी मिळून जावे, म्हणजे वर्गानंतर निदान एकमेकांशी तरी बोलता येते. पुढची तुकडी जूनअखेरीस सुरू होणार असल्याचे कळले आहे. जाणाऱ्यांनी आपल्या वर्गातील मुलांच्या तोंडचे, मन कसे आहे ते सांगणारे दहा-बारा शब्द आत्तापासून एका वहीत टिपून ठेवावेत. दुसऱ्या शनिवारी ते मागतात. मला त्या वेळी चारच आठवले होते.